संध्याकाळ झाली की चॅनेल फुटतात: केबल काढून अँटेना लावल्यानंतरचा परत परत येणारा त्रास

केबल बंद करून अँटेना लावला, पहिला आठवडा एकदम झकास गेला, चित्र केबलपेक्षाही स्वच्छ, आणि मग एक दिवस संध्याकाळी चित्राचे चौकोन चौकोन व्हायला लागले, आवाज तुटायला लागला, दोन मिनिटांनी 'नो सिग्नल'. सकाळी बघावं तर सगळं ठीक. परत संध्याकाळी तेच. असं ज्यांच्याकडे होतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण मी यात जवळजवळ तीन महिने घालवलेत आणि त्यातले अडीच महिने चुकीच्या जागी शोधत होतो.

आमच्याकडे नेमकं काय व्हायचं ते आधी सांगतो. बाबा रोज सातच्या बातम्या लावतात. बाकीचे चॅनेल ठीक, पण तो एकच चॅनेल सात वाजले की फुटायचा. "अरे, परत गेलं बघ" अशी हाक आली की मी उठायचो, अँटेना इकडे तिकडे हलवायचो, मग टीव्हीवर परत स्कॅन लावायचो, म्हणजे टीव्हीला सगळे चॅनेल नव्याने शोधायला लावायचो. आणि इथेच मी पहिली चूक करत होतो. स्कॅन करताना त्या क्षणी ज्या चॅनेलचा सिग्नल पुरेसा नसतो तो बऱ्याच टीव्हींवर यादीतून सरळ काढून टाकला जातो. म्हणजे संध्याकाळी सिग्नल खराब असताना मी स्कॅन करायचो, तो चॅनेल यादीतूनच जायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिग्नल छान असूनही चॅनेल दिसायचा नाही, मग मला वाटायचं आता सकाळीही बिघाड व्हायला लागला. त्यामुळे पहिली गोष्ट हीच, चॅनेल फुटत असताना स्कॅन करू नका. स्कॅन करायचा तर सगळं नीट दिसत असताना करा.

आता मूळ मुद्दा. जुन्या अ‍ॅनालॉग टीव्हीत सिग्नल कमी झाला की चित्रात मुंग्या यायच्या, सावली दिसायची, पण दिसायचं तरी. त्यामुळे सिग्नल कमी होतोय हे आधीपासून कळायचं. डिजिटलमध्ये तसं नाही. सिग्नल काठावर असला तरी चित्र अगदी शंभर टक्के स्वच्छ दिसतं आणि काठाच्या जरा खाली गेला की एकदम सगळं कोसळतं. अमेरिकेत हवेतून डिजिटल टीव्ही पाठवायची जी एटीएससी पद्धत आहे, तिच्यात साधारण १५ डेसिबल (सिग्नल मोजायचं माप) ही ती सीमा आहे, म्हणजे सिग्नल आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा, म्हणजे हवेतल्या नको असलेल्या लहरींपेक्षा, १५ डेसिबल वर हवा, १६ ला चित्र उत्तम आणि १४ ला काहीच नाही. बाकीच्या पद्धतींत, म्हणजे डीव्हीबी-टी, डीव्हीबी-टी२, आयएसडीबी-टी, आकडा वेगळा पण वागणं तेच. म्हणून "दिवसा तर मस्त दिसतं" याचा अर्थ सिग्नल मजबूत आहे असा होत नाही. तुम्ही काठापासून किती आत आहात, हातात शिल्लक किती आहे, हे चित्राकडे बघून कळतच नाही. ते टीव्हीच्या मेनूत बघावं लागतं.

बहुतेक टीव्हींच्या सेटिंगमध्ये चॅनेलची माहिती किंवा सिग्नलची माहिती असं एक पान असतं. त्यात दोन आकडे असतात, एक ताकदीचा म्हणजे स्ट्रेंथ आणि दुसरा क्वालिटीचा, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ आहे त्याचा. सगळे जण स्ट्रेंथ बघतात, मीही तेच करत होतो, पण बघायची ती क्वालिटी. स्ट्रेंथ ९० आणि क्वालिटी ३० असू शकते, आणि मग चित्र फुटणारच. एका वहीत किंवा मोबाईलवर सकाळी, दुपारी आणि त्रास होतो त्या वेळी, असे प्रत्येक चॅनेलचे आकडे चार-पाच दिवस लिहून ठेवा. हे कंटाळवाणं आहे पण माझं सगळं कोडं सुटलं ते या आकड्यांमुळेच. एक सांगून ठेवतो, हे आकडे प्रत्येक कंपनीच्या टीव्हीत वेगळ्या मापाने येतात, त्यामुळे शेजारच्यांचे ८० आणि तुमचे ६५ अशी तुलना करू नका, तुमच्याच टीव्हीवर कालचे आणि आजचे एवढंच बघा.

त्याच पानावर अजून एक उपयोगाची गोष्ट असते ती म्हणजे चॅनेलची खरी फ्रीक्वेन्सी. रिमोटवर जो नंबर आपण दाबतो त्याचा आणि प्रत्यक्ष कुठल्या फ्रीक्वेन्सीवर तो चॅनेल येतो त्याचा बऱ्याचदा काही संबंध नसतो. टीव्हीच्या लहरी दोन मोठ्या पट्ट्यांत येतात, व्हीएचएफ आणि यूएचएफ. यूएचएफ ४७० मेगाहर्ट्झपासून वर, आणि व्हीएचएफचा जो वरचा भाग टीव्हीला अजून वापरला जातो तो १७४ पासून साधारण २१६ किंवा २३० पर्यंत, देशानुसार. सगळ्याच देशांत व्हीएचएफवर टीव्ही येतो असं नाही, पण जिथे येतो तिथे हा फरक कळणं फार गरजेचं आहे. ६०० मेगाहर्ट्झची लहर अर्धा मीटर लांब असते आणि २०० मेगाहर्ट्झची दीड मीटर. अँटेनाची दांडी साधारण अर्ध्या लहरीएवढी असली की तो नीट पकडतो, म्हणजे यूएचएफसाठी वीतभरापेक्षा थोडी जास्त पुरते पण व्हीएचएफसाठी पाऊण मीटर लागते. आता खिडकीला चिकटवायचे जे चपटे कागदासारखे अँटेना मिळतात ते असतात फूटभर. पाकिटावर दोन्ही पट्टे लिहिलेले असले तरी व्हीएचएफवर त्यांचा जीव फार कमी. म्हणून "सगळे चॅनेल येतात, दोनच येत नाहीत" अशी तक्रार असेल तर आधी ते दोन व्हीएचएफवर आहेत का ते बघा.

आमचा सातच्या बातम्यांचा चॅनेल नेमका व्हीएचएफवर निघाला, बाकीचे सगळे यूएचएफवर. पण हे मला खूप उशिरा कळलं, त्याआधी मी अँप्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणारी डबी, आणला.

अँप्लिफायरबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त पैसे लोकांचे इथे वाया जातात. सिग्नल कमी पडतोय म्हणून अँप्लिफायर, हे ऐकायला बरोबर वाटतं. पण अँप्लिफायर सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वाढवतो आणि वर स्वतःचा थोडा घालतो, त्यामुळे अँटेनावर जी क्वालिटी आलीय त्यापेक्षा चांगली तो करूच शकत नाही. त्याचं काम एकच, पुढे लांब वायरमध्ये आणि स्प्लिटरमध्ये (एका वायरचे दोन-चार फाटे करणारी डबी) जे नुकसान होणार आहे ते आधीच भरून काढणं. म्हणून तो अँटेनाच्या जवळ लावायचा असतो, खाली टीव्हीच्या मागे नाही. टीव्हीच्या मागे लावला तर तोपर्यंत वायरमध्ये जे गेलं ते गेलंच. आणि दुसरं, टीव्ही स्टेशनचा टॉवर जवळ असेल तर अँप्लिफायरने सिग्नल इतका वाढतो की टीव्हीचा ट्यूनर, म्हणजे सिग्नल पकडणारा आतला भाग, गुदमरतो आणि त्याचं लक्षण अगदी सिग्नल कमी असल्यासारखंच दिसतं, तसेच चौकोन, तसंच तुटणं. माझ्याकडे हेच झालं. आधी एक चॅनेल फुटत होता, अँप्लिफायर लावल्यावर जवळच्या टॉवरचे तीन चॅनेल फुटायला लागले, स्ट्रेंथ मात्र १००. काढल्यावर ते तिन्ही परत आले. तेव्हा स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी खाली असं दिसलं की अजून वाढवायच्या मागे लागू नका, उलट कमी करून बघा.

अँप्लिफायर लावून सगळंच गेलं, एकही चॅनेल उरला नाही, असं झालं असेल तर मात्र कारण वेगळं. वर अँटेनापाशी बसणाऱ्या अँप्लिफायरला वीज त्याच वायरमधून खालून जाते. मध्ये स्प्लिटर असेल आणि तो वीज पुढे जाऊ देणारा नसेल तर वरच्या डबीला वीज मिळतच नाही आणि वीज न मिळालेला अँप्लिफायर सिग्नल जवळजवळ अडवूनच ठेवतो. काही टीव्हींमध्ये अँटेनाला ५ व्होल्ट द्यायचं सेटिंग असतं आणि तुमच्या अँटेनात बसलेला अँप्लिफायर त्यावरच चालणारा असेल तर टीव्ही रीसेट केल्यावर ते सेटिंग बंद होऊन बसतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

मग वायर. केबलवाल्याची जी वायर घरात आधीच टाकलेली असते तीच आपण अँटेनाला वापरतो, साहजिक आहे, परत भिंती कोण खोदणार. पण त्या वायरीच्या वाटेत काय काय दडलंय ते आपल्याला माहीत नसतं. आमच्याकडे माळ्यावर एक चार तोंडांचा स्प्लिटर सापडला, त्यातली तीन तोंडं नुसती उघडी, एकातून आमचा टीव्ही. दोन तोंडांचा स्प्लिटर साधारण साडेतीन डेसिबल खातो आणि चार तोंडांचा सात. तीन डेसिबल म्हणजे निम्मा सिग्नल, सात म्हणजे पाचातले चार भाग गेले आणि एक उरला. म्हणजे मी वर अँटेना फिरवून एक-दोन डेसिबल मिळवायला धडपडत होतो आणि इथे माळ्यावर सात डेसिबल फुकट जात होते. स्प्लिटर काढून दोन वायरी सरळ साध्या जोडणीने जोडल्या, सगळ्या चॅनेलची क्वालिटी त्याच मिनिटाला वर गेली. तुम्हाला खरंच दोन टीव्ही चालवायचे असतील तर दोन तोंडांचाच स्प्लिटर लावा आणि एखादं तोंड रिकामं राहत असेल तर त्यावर ७५ ओहमची टोपी (टर्मिनेटर) बसवा.

याच वेळी हेही बघा की केबलवाल्याची बाहेरून येणारी वायर पूर्ण सुटी केलीय ना. ती जोडलेली राहिली तर बाहेरचे सिग्नल तुमच्या अँटेनात मिसळतात आणि तुमच्या अँटेनाचे त्यांच्या लाईनमध्ये जातात, दोघांनाही त्रास. आणि टीव्हीतलं सेटिंग केबलवरून अँटेनावर बदललंय का तेही बघा, हे इतकं साधं आहे की कोणी तपासत नाही, पण केबलवर ठेवून स्कॅन केला तर हवेतले चॅनेल सापडत नाहीत किंवा एखाद-दोनच सापडतात.

वायर आरजी सिक्स जातीची असावी. जुन्या घरांत आरजी फिफ्टीनाईन असते, ती जरा बारीक, जास्त नुकसान करते. आरजी सिक्समध्येसुद्धा २० मीटरला यूएचएफवर साधारण तीन ते चार डेसिबल जातातच, म्हणून उगाच वेटोळं करून दहा मीटर वायर मागे ठेवू नका.

तर स्प्लिटर काढला, क्वालिटी वाढली, मी खूश. आणि तिसऱ्या दिवशी सात वाजता परत हाक आली. पण आता माझ्याकडे आकडे होते. दिवसा त्या चॅनेलची क्वालिटी ७० च्या आसपास, संध्याकाळी ४० च्या खाली, आणि यूएचएफवाल्या चॅनेलना संध्याकाळी काहीही फरक नाही. म्हणजे अँटेना हललेला नाही, वायर ठीक आहे, मग संध्याकाळीच असं काय सुरू होतं जे फक्त व्हीएचएफला त्रास देतं? दिवे. एलईडी दिव्यांच्या आत वीज बदलणारं जे छोटं सर्किट असतं ते हलक्या प्रतीचं असेल तर गोंगाट सोडतं आणि तो व्हीएचएफच्या पट्ट्यात जास्त येतो. बाबांना टीव्हीसमोर बसवलं, सिग्नलचं पान उघडून ठेवलं आणि मी घरातला एकेक दिवा बंद करत गेलो, ते आतून आकडे ओरडून सांगत होते. पॅसेजमधला दिवा बंद केला आणि आकडा ३८ वरून ६८ वर. परत लावला, परत ३८. तीन महिने जे शोधत होतो ते अँटेनापासून दोन हात अंतरावर छताला लटकलेलं होतं. दुसऱ्या कंपनीचा दिवा लावला, त्या दिवसापासून सात वाजताची हाक बंद.

तुमच्याकडे दिवाच असेल असं नाही. मोबाईलचे हलके चार्जर, पंख्याचे रेग्युलेटर, राउटरचा अ‍ॅडॉप्टर, टीव्हीच्या मागची एचडीएमआय वायर यातून पण गोंगाट येतो, घरातला अँटेना टीव्हीला चिकटून ठेवला असेल तर फक्त दोन-तीन फूट लांब नेऊन बघा. दिवे एकेक बंद करून नाही सापडलं तर टीव्हीची लाईन सोडून बाकीचे एमसीबी एकेक खाली करा. रोज ठरलेल्या वेळी त्रास होतो म्हणजे त्या वेळी काहीतरी चालू होतंय, तिथून शोध सुरू करायचा.

वेळेवरून बाकीचेही अंदाज लावता येतात. पाऊस पडून गेल्यावर दोन-दोन दिवस त्रास आणि मग आपोआप ठीक, हे नव्वद टक्के वेळा कनेक्टरमध्ये पाणी गेल्याचं लक्षण, निदान माझा अनुभव तरी असाच. आमच्याकडे पुढच्याच पावसात हे झालं. बाहेरचा कनेक्टर उघडला तर आतल्या तांब्याच्या तारेवर हिरवट थर आणि बाहेरची जाळी काळी पडलेली. पाणी वायरच्या आत शिरलं की जाळीतून पुढे झिरपत जातं, म्हणून नुसतं टोक पुसून भागत नाही, चांगलं चमकदार तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापायची आणि नवा कनेक्टर लावायचा. वरून स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळायची, साधी इन्सुलेशन टेप उन्हात सुटते. आणि वायर घरात शिरण्याआधी खाली एक झोळ द्यायचा म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं, वायरीवरून ओघळत आत येत नाही.

वारा असताना क्षणभर तुटतं आणि लगेच येतं, तर अँटेनाचा पाईप हलतोय किंवा टॉवरच्या दिशेला झाड आहे. पानं ओली झाली की यूएचएफ जास्त अडतं. झाडातून बघण्यापेक्षा अँटेना बाजूला सरकवून झाडाशेजारून बघता आलं तर ते केव्हाही बरं. एखादा चॅनेल गेला आणि कधीच परत आला नाही, बाकी सगळे ठीक, तर बहुतेक स्टेशननेच फ्रीक्वेन्सी बदललीय. अमेरिकेत २०१७ ते २०२० या काळात जवळपास हजार स्टेशनं अशी हलवली, कारण टीव्हीच्या पट्ट्याचा वरचा भाग मोबाईलला दिला. युरोपातही ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा भाग असाच मोबाईलकडे गेलाय. इथे स्कॅन हेच औषध. जुनी यादी चिकटून बसली असेल तर अँटेनाची वायर काढून एकदा रिकामा स्कॅन करायचा म्हणजे यादी पुसली जाते, मग वायर लावून परत करायचा. आणि जवळ मोबाईलचा नवा टॉवर उभा राहिल्यापासून त्रास असेल तर मोबाईलच्या लहरी अडवणारा छोटा फिल्टर मिळतो, तो अँप्लिफायरच्या आधी लावायचा, नंतर लावून उपयोग नाही.

जागा आणि दिशा, याबद्दल थोडंच लिहितो. पाकिटावर शंभर, दीडशे किलोमीटर रेंज लिहिलेली असते त्यावर जाऊ नका. पृथ्वी गोल आहे, सपाट जमिनीवर १०० मीटर उंच टॉवर आणि ९ मीटरवर अँटेना असेल तर साधारण ५३ किलोमीटरनंतर तो टॉवर क्षितिजाखाली जातो, पुढे जे मिळेल ते नशिबाने. उंची वाढवणं हे कुठल्याही महागड्या अँटेनापेक्षा जास्त कामाचं. घरात लावायचा असेल तर टॉवरच्या बाजूची खिडकी, पण काचेवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असेल तर सिग्नलही अडतो, पत्र्याचं छप्पर आणि भिंतीतली लोखंडी जाळीही तसंच करते. घरात लहरी भिंतींवर आपटून एकमेकींत मिसळतात त्यामुळे वीतभर सरकवल्यावर सुद्धा आकडा खूप बदलतो, घाईने हलवू नका, एक जागा, दहा-पंधरा सेकंद थांबा, आकडा बघा, मग पुढची. आणि टॉवरचा सिग्नल उभा आहे की आडवा ते बघून दांड्या तशा ठेवा, काही ठिकाणी उभ्या लागतात.

गच्चीवर चढणार असाल तर विजेच्या तारांपासून अँटेना आणि पाईपच्या लांबीपेक्षा जास्त अंतर ठेवा, म्हणजे पाईप पडला तरी तारेला लागणार नाही. पाईपला आणि वायरच्या जाळीला अर्थिंग करून घ्या, ते कळत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, यात अंदाजाने काही करू नका. विजा चमकत असताना वर जायचं नाही आणि वायरला हातही लावायचा नाही.

एवढं सगळं करूनही वर्षातून काही दिवस असे येतात की संध्याकाळी किंवा पहाटे, हवा स्थिर असताना, सगळेच लांबचे चॅनेल विस्कटतात आणि कधी कधी दीड-दोनशे किलोमीटरवरचं भलतंच स्टेशन दिसायला लागतं. जमिनीजवळची हवा थंड आणि वरची गरम अशी उलटी परिस्थिती झाली की लहरी वाकून फार लांब जातात आणि त्याच फ्रीक्वेन्सीवरचं दूरचं स्टेशन तुमच्या स्टेशनवर येऊन आदळतं. आमच्याकडे दोनदा झालं. त्या दिवशी अँटेनाला हात लावायचा नाही, स्कॅन करायचा नाही, अँप्लिफायर आणायला जायचं नाही. दुसऱ्यांदा झालं तेव्हा बाबांनी स्वतःच सिग्नलचं पान उघडून बघितलं, सगळेच आकडे खाली आहेत म्हणाले, आणि टीव्ही बंद करून झोपायला गेले. सकाळी सगळे चॅनेल जागेवर होते.